रोग जगवण्याची नोकरी

पीएच.डी. झाल्यावर मला पहिली नोकरी मिळाली ती रोग जगवण्याची. विद्यापीठाच्या आदेशात तिचं नाव भारदस्त होतं, संशोधन सहयोगी. मुदत एक वर्षाची, आणि काम बघून पुढे वाढवायची की नाही ते ठरणार. विद्यापीठ पुण्याला आणि द्राक्षं नाशकात, म्हणून द्राक्षांवरच्या त्या संशोधन योजनेचं केंद्र आमच्या गावातल्या एका कॉलेजात काढलं होतं. केंद्र म्हणजे वनस्पतिशास्त्र विभागाच्या मागची एक लांबट खोली आणि तिला लागून एक काचघर.

वडील तेव्हा सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर होते. आमच्या बौद्ध वसाहतीत पीएच.डी. झालेली मी पहिलीच. विहारात माझा सत्कार झाला होता, आणि त्यानंतर बायका मला रक्तदाबाच्या गोळ्या विचारायला येत. मी त्या डॉक्टरांपैकी नाही, हे आईच त्यांना परस्पर समजावून सांगायची. वडिलांना मात्र नेमणुकीचा अर्थ नीट समजून घ्यायचा होता.

"कायम कधी करतात?" त्यांनी विचारलं.

"कायम नसतंच दादा यात. वर्षावर्षाने वाढवतात."

"आणि नाही वाढवलं तर?"

"तर संपलं."

ते म्हणाले, "म्हणजे बदली कामगार. आमच्याकडे गेटवर उभे असतात तसे." त्यांनी हे हिणवून म्हटलं नव्हतं. ते स्वतः कित्येक वर्षं बदली कामगार होते. त्यांना माझ्या नोकरीचं नेमकं रूप समजलं, आणि त्यानंतर त्यांनी त्याबद्दल कधी विचारलं नाही.

योजनेत माझ्या आधीपासून एक गृहस्थ होते. सटाण्याकडच्या एका खेड्यातले, चाळिशी ओलांडलेले, उंच आणि किंचित वाकलेले. पुण्याला पीएच.डी. करून ते जर्मनीला गेले होते. तिथल्या दोन विद्यापीठांत त्यांनी अशाच मुदतीच्या जागांवर काम केलं. वडील गेले, आई एकटी पडली, म्हणून परत आले. इथे आल्यावर कुठेतरी प्राध्यापक म्हणून लागू असं त्यांना वाटलं होतं. परत येईपर्यंत त्यांचं वय जाहिरातीतल्या अटीच्या बाहेर गेलं होतं. बायको आणि मुलगी गावाकडे आईजवळ, आणि हे पंचवटीत एका खोलीत. वर्षाच्या नोकरीवर बिऱ्हाड कसं हलवायचं, म्हणून तसंच राहिलं.

ते मला 'डॉक्टर' म्हणायचे. मीही त्यांना 'डॉक्टर'च म्हणायची. कॉलेजात बाकी कुणीच आम्हाला तसं म्हणत नसे. तिथे आम्ही 'स्कीमवाले' होतो. स्टाफरूममध्ये आम्हाला खुर्ची नव्हती, हजेरीपटावर नाव नव्हतं. आमच्या खोलीचा दिवा गेला तर तो कुणी बदलायचा यावर कॉलेज आणि विद्यापीठ यांच्यात महिनाभर पत्रव्यवहार चाले.

आमचं काम द्राक्षांवरच्या डावणीवर होतं. पुस्तकात तिला केवडा म्हणतात, पण निफाड-पिंपळगावकडे सगळे डावणीच म्हणत. पानाच्या वरच्या बाजूला तेलकट डाग पडतो आणि खाली पांढरी लव येते. दमट हवेत चार-आठ दिवसांत बाग हातची जाते. त्या सुमारास तिच्यावर एक नवीन औषध बाजारात आलं होतं आणि बागाईतदार त्याच्यावर बेहद्द खूश होते. हा रोग हळूहळू त्या औषधाला सरावतो का, हा आमचा प्रश्न होता. त्यासाठी वेगवेगळ्या बागांतून रोगाचे नमुने आणायचे, ते वेगवेगळे जपायचे आणि प्रत्येकावर औषध लावून बघायचं.

यात एक अडचण होती. बहुतेक बुरशी बशीत खाऊ घालून वर्षानुवर्षं ठेवता येतात. ही तशी राहत नाही. तिला जिवंत पानच लागतं. पान वाळलं की ती मेली. म्हणून दर आठवड्याला प्रत्येक नमुना जुन्या पानावरून ताज्या पानावर हलवायचा. काचघरात कुंड्यांमधून वेली वाढवल्या होत्या. प्रत्येक वेलीवर मलमलीचा पिंजरा, आणि आत एका बागेचा रोग. खोलीत काचेच्या बशांमध्ये पानांच्या चकत्या पाण्यावर तरंगत ठेवलेल्या, त्या त्याच नमुन्यांच्या राखीव जोडप्रती. गोठवून ठेवायचा प्रयत्नही आम्ही केला होता, पण वीज इतक्या वेळा जायची की तो नाद सोडून दिला.

त्यामुळे आमच्या दोघांपैकी एकाला कायम नाशकात राहावं लागे. दिवाळीत ते गावी गेले की मी थांबायची. माझ्या मावसबहिणीच्या लग्नाला मी गेले तेव्हा ते थांबले. त्यांची आई एकदा दवाखान्यासाठी नाशकात आली होती. तिला ते काचघर दाखवायला घेऊन आले. म्हातारीने मलमलीतून आत डोकावून पाहिलं, डागाळलेली पानं पाहिली.

"हाई काय शे रे भाऊ?" तिने अहिराणीत विचारलं.

"रोग शे आई. तो सांभाळानं काम करस मी."

तिला ते काही पटलं नाही. रोग सांभाळायला सरकार माणूस ठेवतं, यावर तिचा विश्वास बसेना. जाताना तिने फक्त एवढंच विचारलं, "घर कव्हय येशी?" घरी कधी येणार, हा प्रश्न त्यांनी हसून टाळला.

तिसऱ्या हंगामात, छाटणीनंतरच्या पावसात, आम्ही एस.टी.ने पिंपळगावला जाऊन एका बागेतली पानं आणली. मालकाची तक्रार होती की औषध मारूनसुद्धा डावणी हटत नाही. असं म्हणणारे पुष्कळ भेटत. बहुतेकांनी औषध कमी मारलेलं असे किंवा पावसात मारलेलं असे. आम्ही तो नमुना इतरांसारखाच वाढवला आणि चाचणीला लावला. औषधाच्या पाण्यावर चकत्या ठेवल्या. सगळ्या बागांच्या चकत्या स्वच्छ हिरव्या राहिल्या. पिंपळगावच्या चकत्यांवर पांढरी लव आली.

"डॉक्टर, इकडे या," ते म्हणाले.

मी पाहिलं. आनंदाने मी काहीतरी ओरडलेच असेन. त्यांचा चेहरा मात्र उतरला होता.

"हे खरं असेल तर," ते म्हणाले, "दोनचार वर्षांत हे औषध इथे निकामी होणार आहे. लोक सगळं सोडून याच एका औषधावर बसलेत."

"मग सांगायला हवं ना."

"एकदा दिसलेलं मी धरत नाही. औषध जुनं असेल. बशी नीट धुतलेली नसेल. अजून दोनदा लावू."

दुसऱ्यांदा लावायची तयारी झाली आणि त्याच आठवड्यात प्राचार्यांच्या ऑफिसातला शिपाई डॉक्टरांना बोलवायला आला. गावाहून फोन होता. त्यांची आई गेली होती. ते पिशवी उचलून निघाले. दारात थांबून मला एवढंच म्हणाले, "पिंपळगावचं पान गुरुवारी हलवा. चाचणी मी आल्यावर लावू." मी हो म्हटलं, आणि गुरुवारी ते हलवलंही.

पुढच्याच आठवड्यात कॉलेजात तपासणी समिती येणार होती. भिंतींना चुना लागला, कुंड्यांना गेरू. मी काचघराच्या दारावर पुठ्ठ्याची पाटी लावली, मराठीत, ठळक अक्षरांत: 'संशोधन चालू आहे. कोणीही हात लावू नये.' तशीच एक खोलीवरही लावली. आमचं काम सकाळच्या दमट हवेत व्हायचं, त्यामुळे मी दुपारी घरी जाई. समिती यायच्या आदल्या दुपारीही तशीच गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आले तर काचघराचं दार सताड उघडं होतं. मलमलीचे पिंजरे काढून घडी करून कोपऱ्यात ठेवले होते. आणि सगळ्या वेलींवर, वरून खालपर्यंत, बुरशी मारणाऱ्या मोरचूद-चुन्याचा निळसर थर बसला होता. ज्या पानांवर फार डाग होते ती खुडून टाकलेली होती. फवारणी इतकी मनापासून केली होती की पानांच्या खालची बाजूसुद्धा सुटली नव्हती.

मी खोलीकडे धावले. बशा रिकाम्या होत्या. धुऊन, पुसून, वर्तमानपत्रावर पालथ्या मांडलेल्या. खोली इतकी स्वच्छ मी कधी पाहिली नव्हती.

कॉलेजचा माळी मागून आला. तो म्हातारा, गरीब स्वभावाचा माणूस होता. माझा चेहरा बघून त्याला काय झालं ते कळलं नाही, पण काहीतरी झालं हे कळलं.

"मॅडम, काल सायेब राऊंडला आले व्हते. म्हनले, लय रोग पडलाय, फवारून घ्या. कमिटी येनार हाय."

"आणि बशा?"

"बुरशी धरली व्हती ना. सायेब म्हनले धुऊन टाका."

"पाटी होती ना दारावर!"

"व्हती. सायबाला दावली म्या. ते म्हनले, मी सांगतोय ना."

मी प्राचार्यांकडे गेले. ते समितीच्या गडबडीत होते, नवा कोट घातलेला. त्यांनी मला उभ्यानेच ऐकून घेतलं.

"अहो, रोगट झाडं आणि कुजक्या बशा दाखवायच्या का कमिटीला? कॉलेजची काही शोभा आहे की नाही?"

"सर, तो रोगच आमचं काम होतं. तीन हंगामांचं."

ते खरोखरच गोंधळले. क्षणभर मला वाटलं, यांना समजलं. मग म्हणाले, "असं असेल तर परत लावून घ्या. बागांमध्ये काय तोटा आहे रोगाला?" तेवढ्यात फाटकात गाडीचा हॉर्न वाजला आणि ते लगबगीने खाली गेले. समितीने आमची खोलीही पाहिली. स्वच्छतेबद्दल समाधान व्यक्त केलं, असं नंतर कळलं.

डॉक्टरांना हे कळवायचं कसं, हे मला समजेना. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. शेवटी दहाव्याच्या दिवशी मी एस.टी.ने त्यांच्या गावी गेले. घर माणसांनी भरलं होतं. ते ओसरीवर बसले होते, डोकं भादरलेलं, खांद्यावर पंचा. त्यांच्या बायकोने मला पाणी दिलं. मी आधी आईबद्दल बोलणार होते, पण त्यांनीच विचारलं.

"पानं?"

मी सगळं सांगितलं. सांगताना मी जमिनीकडे बघत होते.

"सगळी?" ते म्हणाले.

"सगळी."

"पिंपळगावचंसुद्धा?"

"हो."

आतून कुणीतरी त्यांना हाक मारली. पान वाढलं होतं. ते उठले, आत जाऊन पाटावर बसले आणि समोरचं जेवले. मला दारातून त्यांची पाठ दिसत होती. त्यांच्या बायकोने मला हळूच विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "कामातलं नुकसान झालं थोडं."

ते परतल्यावर आम्ही पहिलं काम केलं ते पिंपळगावला जाण्याचं. मालक ओळखीने हसला आणि बांधावर घेऊन गेला. तिथे नुसती नांगरलेली जमीन होती.

"त्यो प्लॉट उपटला की सायेब. लय डावणी यायची तिथं. आता नवी लागवड करतो."

"वेली कुठे टाकल्या?"

"जाळल्या."

आम्ही आजूबाजूच्या बागा फिरलो. पाऊस थांबला होता, हवा कोरडी झाली होती, थंडी पडायला लागली होती. कुठेही डावणी नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच मी निरोगी बागा बघून रडकुंडीला आले. पुढच्या पावसात आम्हाला रोग मिळाला, भरपूर मिळाला. निफाडचा, ओझरचा, दिंडोरीचा. सगळे नमुने औषधाला मरणारे होते. तसा दुसरा मिळाला नाही.

मुदतवाढ ठरवणाऱ्या विद्यापीठाच्या समितीपुढे आमची बाजू मांडायचे ते पुण्याचे आमचे प्रमुख प्राध्यापक. योजना त्यांच्या नावावर होती, तेच अहवाल लिहीत. आम्हा दोघांना त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. वाईट माणूस नव्हता तो.

"पिंपळगावची चाचणी तुम्ही एकदा केली होती ना?"

"एकदा," डॉक्टर म्हणाले.

"आणि तुम्हाला खात्री आहे की ते खरं होतं?"

"आहे."

"मग तीनदा केली असं लिहा. जे खरं आहे तेच लिहायचंय. नुसता आकडा बदलायचाय."

ते चहाकडे बघत राहिले. "दोनदा केली असती तर दोनदा लिहिली असती, सर."

"अहो, समितीसमोर मी काय ठेवू? माळ्याने धुतलं म्हणून सांगू?"

प्राध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, चाचणी यांची आहे, ते म्हणतील तसं. चहा संपवून आम्ही बाहेर येऊन थांबलो.

त्याच दुपारी समिती बसली आणि तिने दोनपैकी एकच जागा पुढे चालू ठेवली. ती माझी होती. कारण दिलं नव्हतं. त्या जागांना कारण द्यावं लागत नाही. परतीच्या एस.टी.त ते खिडकीपाशी बसले होते. सिन्नर आल्यावर बाहेर बघत म्हणाले, "तुम्हाला पुढे जागा मिळेल, डॉक्टर. राखीव निघतील. मला आता कुठली निघणार?"

असं वाक्य मी पुष्कळांकडून ऐकलं होतं आणि त्यावर बोलायला माझ्याकडे उत्तरं तयार असत. त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. ते स्वतःचं वय मोजत होते. तरी ते मला लागलं, आणि त्यांनाही ते जाणवलं असावं, कारण स्टँडवर उतरल्यावर त्यांनी माझी पिशवी मागून घेतली आणि रिक्षापर्यंत पोचवली.

पुढे मला खरंच जागा मिळाली. जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात, कायम. वडिलांनी त्या दिवशी कारखान्यात पेढे वाटले. डॉक्टरांना मात्र एका औषध कंपनीने प्रतिनिधी म्हणून घेतलं. मोटारसायकल दिली. पिंपळगाव, निफाड, दिंडोरी हा भाग दिला. त्यांना प्रत्येक बाग माहीत होती, बागाईतदार त्यांना मानत. ते विकत होते त्यात ते नवीन औषधही होतं.

त्यांची-माझी भेट मग क्वचितच व्हायची. एका वर्षी ऑक्टोबरभर पाऊस लागून राहिला. त्याच मोसमात एका दुपारी ते माझ्या कॉलेजात आले. शर्टाची बाही फाटलेली होती, कपाळावर खरचटलेलं. मी त्यांना स्टाफरूममध्ये बसवलं, पाणी दिलं.

"पडलात का गाडीवरून?"

"नाही. पिंपळगावला दुकानात होतो. लोक आले होते." ते थांबले. "औषध लागू पडेना म्हणून. तीन-तीनदा मारलं म्हणाले, तरी बागा गेल्या. एकाने डबा फेकून मारला."

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? कंपनी सांगते तेच म्हणालो. प्रमाण बघा, पाऊस बघा." त्यांनी ग्लास दोन्ही हातांत धरला होता. "मी ते बघितलेलं आहे, डॉक्टर. त्या बशीत. तेव्हापासून मला माहीत आहे. पण एकदा बघितलेलं मी कुणाच्या तोंडावर सांगू? आणि विकतही मीच होतो. मुलगी शिकतेय."

थोड्या वेळाने माझा तास होता. मी त्यांना थांबा म्हटलं. तास संपवून आले तेव्हा ते गेलेले होते.

त्यानंतर त्यांनी ती नोकरी सोडली आणि गावी जाऊन राहिले. घरची थोडी जमीन होती, तिच्यात कांदा लावत. एका उन्हाळ्यात, शेतातून येऊन अंगणात पाणी पीत असताना, छातीत कळ येऊन ते गेले. मला ते बऱ्याच दिवसांनी कळलं, तेही बसमध्ये भेटलेल्या त्यांच्या गावच्या एका माणसाकडून.

मी भेटायला गेले. त्यांची बायको आता पुष्कळ वाळली होती. ती फार बोलली नाही. जर्मनीहून आणलेलं त्यांचं भिंग तिने मला दाखवलं, तुम्हाला हवं का म्हणाली. मी नको म्हटलं. मुलगी आतून चहा घेऊन आली. ती वडिलांसारखी उंच होती, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला.

"ही म्हणते एम.एस्सी. करायचं, मग बाबांसारखं पुण्याला जायचं," आई म्हणाली. "तुम्ही सांगा तिला. तुमचं ऐकेल."

मुलगी ट्रे धरून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. तिला माझ्याकडून काय ऐकायचं आहे ते तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. मी शिक्षिका होते, वर्गात मुलींना खूप शिका, संशोधन करा, असंच सांगत आले होते. तिथे, त्या घरात, मला ते म्हणवेना.

"बी.एड. कर," मी म्हटलं. "लवकर कायम होशील."

"बरं," ती म्हणाली, आणि रिकामा ट्रे घेऊन आत गेली.

तिने बी.एड. केलं. सटाण्याला एका शाळेत ती विज्ञान शिकवते, असं ऐकलं.